वाकड्या मानेचा ससा आणि सासूबाईंची किडनी

सासऱ्यांच्या सशाची मान एका सकाळी डावीकडे वाकली ती सरळ होईना. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाला कशाचंही निदान करता येतं. "मान आखडली त्याची," असं म्हणून ते सशाला मांडीवर घेऊन सरसोच्या तेलानं मालिश करत बसले. सशानं त्यांची लुंगी ओली केली. मग तो एकाच दिशेनं गोल फिरायला लागला, तेव्हा मी त्याला भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, सूक्ष्म परजीवी असावा. तो सशाच्या मेंदूत आणि किडनीत बसतो, लघवीतून बाहेर पडतो. औषध आहे, मान सरळ होईलच असं नाही. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

होती. सासऱ्यांची किडनी बदललेली आहे. शरीरानं ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालतात. किडनी सासूबाईंनी दिलेली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई पालक निवडत होत्या.

"कुम्हारीले पाठवा, पोरीकडं."

"वाकड्या मानेचं जनावर कोन ठेवते?" सासरे म्हणाले. "अन् माह्या किडनीचं मी पाहून घेईन."

"तुमची कधीपासून झाली जी? ठेवाले देली आहे तुमाले."



नणंदेनं घरात लहान मूल आहे म्हणून नकार दिला. किडनीच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि सांगितलं, ससा ठेवायचाच तर यांनी उघड्या हातानं शिवायचं नाही, पिंजरा दुसऱ्यानं साफ करायचा. दुसरं कोणी म्हणजे मी. पिंजरा मागच्या अंगणात गेला, सासऱ्यांची खुर्ची जाळीच्या दाराच्या आत.

रिपोर्ट चांगले आले. ससा गोल फिरायचा थांबला, मान तशीच राहिली.

एका संध्याकाळी पाहिलं, तर सासरे पिंजरा साफ करायचे माझे रबरी हातमोजे घालून अंगणात सशाचं कपाळ खाजवत होते. सासूबाई मागे उभ्या होत्या. आता ससा जाणार, असं मी धरून चालले.

"मोजे काढल्यावर हात धुवा," त्या म्हणाल्या. "दोन डाव. एक डाव तुमच्यासाठी, एक माह्या किडनीसाठी."