तात्यांच्या पांढऱ्या पेशी

तात्यांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, दुसऱ्याने वर्तवलेलं भविष्य आयुष्यात कधी मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. निमगाव केतकीला त्यांची डाळिंबाची बाग होती. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की ते चहा बाजूला ठेवून थेट रेडिओलाच विचारत, "तू आलाय का हितं बघाय?" गुरांचे डॉक्टर म्हणाले, गाय उद्या-परवा व्यायेल. तात्या गोठ्यात गेले आणि गाईचं मत घेऊन आले, "ती म्हणती, अजून आठवडा हाय." गाय त्याच संध्याकाळी व्याली. डॉक्टर चुकले, हे तात्यांनी गावभर सांगितलं. गाईचंही चुकलं होतं, याची वाच्यता केली नाही.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात बागेला पाणी देताना त्यांचा उजवा हात-पाय गळाला, तोंड वाकडं झालं. शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना बारामतीला आणलं. मी तिथंच नोकरीला होतो, धावत दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा पाहिला.

"पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. ताप नाही, छातीत कफ नाही, तरी वाढल्यात. अर्धांगवायूनं मेंदूला मार मोठा बसला की असं होतं."

"म्हंजी चालतील का न्हाय?" आत्यानं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, मावशी. पण त्या अशाच वर राहिल्या, तर अवघड दिसतंय."

आम्ही सगळे तात्यांकडे बघत राहिलो. डोळे उघडे होते, ऐकूही येत होतं. पण ते गप्प. जीपमध्ये डोळ्यांतून टिपूस न काढलेली आत्या तेव्हा रडली. "एवढं ऐकून घेतलं ह्यांनी! आता काय ऱ्हायलं?"

मग रोज सकाळी डाळिंबाचा भाव विचारावा तशी ती विचारायची, "पांढऱ्या उतरल्या का?" दुसऱ्या आठवड्यात उतरल्या. डॉक्टर खुशीत म्हणाले, "आता काठी घेऊन चालतील, असं वाटतंय. हात मात्र यायचा नाही. बोलणंही पुरतं येईलसं दिसत नाही."

खाटेवरून जड, तिरपा आवाज आला, "क... कशावरनं?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, कळेना. डॉक्टर बिचारे स्टूल ओढून तात्यांना रिपोर्ट समजावू लागले आणि तात्या तो पूर्ण अविश्वासानं ऐकू लागले.

डॉक्टरांचं सगळं खरं ठरलं. तात्या काठीनं चालले, हात आला नाही, बोलणं दोन शब्दांपुढं गेलं नाही. तेवढ्या शब्दांत वाद कसा होणार? मग पहिला शब्द तात्यांचा आणि पुढचं सगळं आत्याचं. जन्मभर "अवं, गप बसा" म्हणणारी ही बाई गुरांच्या डॉक्टरांशी, व्यापाऱ्याशी, तपासणीला गेल्यावर त्या तरुण डॉक्टरांशीही त्यांच्या वतीनं कडाकडा भांडायची. तात्या शेजारी बसून मान डोलवायचे.

ते गेल्यानंतर मी निमगावला गेलो होतो. ओट्यावर बसलेला शेजारी म्हणाला, "आवंदा डाळिंबाला फूल काय टिकत न्हाय बगा." मी आत्याकडे पाहिलं.

"आसंल बाबा," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.