मी बरी झालेली नाही

साहेबांनी माझ्या गोळ्यांची पट्टी वर धरली. मागच्यांनाही दिसावी म्हणून हात उंच केला. म्हणाले, "हा बघा हिचा तारणारा."

हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी सहन केलं असतं. सगळ्यांनी कळवळून माझ्याकडे पाहिलं. मयताच्या घरी बघतात तसं.

मुलुंडला साहेबांचं घर. ते आमच्या चर्चच्या कारभारी मंडळातले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे प्रार्थनासभा असते. सोफ्यावर कोण, खुर्च्यांवर कोण, सतरंजीवर कोण, हे कुणी ठरवलेलं नाही. पण मी आणि माझ्यासारखे कायम सतरंजीवर. त्या दिवशी रुमाल काढायला पर्स उघडली आणि पट्टी बाहेर पडली. साहेबांच्या पायाशी.

"कसल्या गं गोळ्या?"

मी पट्टीकडे हात नेला. त्यांनी ती आधीच उचलली.

"देवासमोर बसली आहेस. बोल."

"डोक्याच्या," मी म्हटलं.

डिप्रेशनच्या, असं म्हणायचं होतं. भीतीने तो शब्दच सापडला नाही.

साहेब समजावणीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. "ज्याचा विश्वास पक्का, त्याला हा आजार शिवत नाही. हिचा तरी काय दोष म्हणा. दुष्काळात पोटासाठी पाणी घेतलेली माणसं. मूळच कच्चं. तीन पिढ्या झाल्या तरी जुनी भुतं सुटत नाहीत."

पाणी घेतलं म्हणजे बाप्तिस्मा घेतला. ते माझ्या आजोबांबद्दल बोलत होते. नगरकडच्या एका खेड्यात, गावाबाहेर राहणारे माझे आजोबा. साहेबांचे पणजोबा ब्राह्मण होते, मग ख्रिस्ती झाले. हे ते दर नाताळला कुणाला ना कुणाला सांगतात. देव एक, पाणीही एक. पण त्यांच्या पणजोबांनी म्हणे सत्य शोधून घेतलं, आणि आमच्या आजोबांनी भाकरी बघून.

मग मला मधोमध गुडघ्यावर बसवलं. डोक्यावर हात आले. बरेच हात. हात जड असतात. मान खाली खाली जात होती. "भीतीच्या आत्म्या, नीघ!" कुणीतरी रडत होतं. मी नव्हते. मला वाटत होतं, खरंच माझ्यात काही असेल तर? ते निघालं आणि त्याच्याबरोबर मीही निघाले तर?

शेवटी साहेब म्हणाले, "आता तुझ्याच हाताने टाक."

किचनमध्ये सिंकखाली डबा होता. चहाचा चोथा, कांद्याची सालं. मी पट्टी त्यात टाकली. हे मी लपवत नाही. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. मीच टाकली.

हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या.

मी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. भांडुपच्या एका लॅबमध्ये नोकरी. सकाळी सहाला बॅग घेऊन निघायचं, उपाशीपोटीची रक्तं नऊच्या आत गोळा करायची. भांडुप, नाहूर, मुलुंड. चौदा वर्षं झाली. तान्ह्या पोराची शीरसुद्धा मला एका फटक्यात सापडायची. लोक लॅबला फोन करून सांगायचे, त्याच ताईंना पाठवा.

दोन वर्षांपूर्वी ते सुरू झालं. कारण काही नव्हतं. लोकांना कारण लागतं. नवरा मारतो का? सासू छळते का? नाही. रुबेन, माझा नवरा, विक्रोळीला एका कारखान्यात मशीनवर आहे. सरळ माणूस. मुलगी सातवीत. घरात सगळं होतं. तरी सकाळी डोळे उघडले की आधी भीती यायची. कशाची, ते नाही. नुसती भीती. छातीवर कुणी पाय दिल्यासारखी. केस विंचरायचं जिवावर यायचं. पोरगी आपली आपण वेणी घालायला शिकली. वाकडी तिकडी घालायची आणि माझ्याकडे न बघता शाळेत जायची. प्रार्थनेला बसले की शब्द यायचे नाहीत. मग त्याचीही भीती. देवाने तोंड फिरवलं असेल. मी काय केलं, ते तोही सांगत नव्हता.

रुबेननेच मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. पाच महिन्यांत मी थोडी माणसात आले होते. पोरीच्या वेणीला हात लावायला लागले होते.

आणि मग तो बुधवार.

गोळ्या एकदम तोडल्या की काय होतं, ते मला कळायला हवं होतं. मी लॅबमधलीच बाई. चौथ्या दिवशी चक्कर. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. झोप उडाली. रुबेनला मी काही बोलले नाही. त्याला वाटत होतं गोळ्या चालू आहेत. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "हा सैतानाचा शेवटचा हल्ला असतो. टिकून राहा." मी टिकून राहत होते. दात आवळून.

तिसऱ्या आठवड्यात एका टॉवरमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त घ्यायचं होतं. सातवा मजला. सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. माझा हात कापत होता. बाईंचा हात काळानिळा पडला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "असू दे गं, होतं असं." त्यांचा मुलगा ओरडला, "पिऊन आलात काय?"

मी बाहेर पडले. लिफ्टकडे न जाता जिन्यात गेले. वळणावर खिडकी होती. ग्रिल नव्हतं. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग एकदम लक्षात आलं की आपण खाली बघतोय. आणि ते बघून आपल्याला बरं वाटतंय. अंगाला दरदरून घाम सुटला. आयुष्यात इतकी कशाला घाबरले नव्हते. उंचीला नाही. स्वतःला. माझ्याच पायांना मी घाबरले.

रुबेनला फोन लावला.

"रुबेन, मला खाली येता येत नाहीये."

मागे मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. त्याने मशीन बंद केलं होतं.

"कितवा मजला?"

"सातवा. इथे खिडकी आहे, रुबेन."

"भिंतीला पाठ लाव. लावलीस? आता एक पायरी उतर. फोन ठेवायचा नाही हां. उतरलीस?"

"हो."

"अजून एक."

सात मजले त्याने मला तसे उतरवले. मध्येच मी बसायचे. तो म्हणायचा, "बस. घाई नाही. मी आहे ना." खाली वॉचमनने आपली खुर्ची दिली. रुबेन येईपर्यंत मी त्या खुर्चीत बसून होते, बॅग मांडीवर घट्ट धरून.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात मी त्याला सगळं सांगितलं. गुडघे, हात, कचऱ्याचा डबा. त्याने माझ्या मांडीवरची बॅग स्वतःकडे घेतली. मग म्हणाला, "मला सांगायचं ना गं." एवढंच.

डॉक्टरबाईही ओरडल्या नाहीत. किती दिवस झोप नाही, ते विचारलं. सकाळपासून काही खाल्लंय का, ते विचारलं. मग सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटला?"

"हो," मी म्हटलं. हा 'हो' मी देवालाही सांगितला नव्हता. छत कोसळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि रुबेनला बजावलं, काही दिवस हिला एकटीला सोडायचं नाही.

उपवासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचे दिवस. एका रविवारी उपासना संपल्यावर साहेबांनी माझ्या हातात एक टाईप केलेला कागद दिला. "ईस्टरला तुझी साक्ष आहे. हेच वाचायचं. मनाचं काही घालू नको." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं.

कागदावर लिहिलं होतं की मी अंधाराच्या आत्म्याच्या बंधनात होते, मंडळीच्या वडीलजनांनी प्रार्थना केली, मी औषधं फेकून दिली आणि त्याच घडीला बरी झाले. खाली माझं नाव.

मी कागद घेतला. गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, हे सांगितलं नाही. हिंमतच नव्हती. आमच्या लॅबच्या मॅडम साहेबांच्या ओळखीच्या. माझं लग्न त्याच चर्चमध्ये झालं, पोरीचा बाप्तिस्मा तिथेच, माझ्या आईला माती तिथल्याच धर्मगुरूंनी, आमच्या पाळकांनी दिली. तिथून बाहेर टाकलं तर जायचं कुठे? मी कागद उशीखाली ठेवत होते आणि सकाळी तो न बघताच पुन्हा आत सारत होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूला पकडून नेण्याआधीचा भाग पाळकांनी वाचला. लहानपणापासून ऐकलेला. तो बागेत जातो. कासावीस होतो. मित्रांना म्हणतो, जवळ थांबा, जागे राहा. मग जमिनीवर पडतो, आणि बापाला विनवतो की हे माझ्यावरून टळू दे.

पाळक पुढे गेले. मी तिथेच राहिले.

येशू घाबरला होता.

चाळीस वर्षं ऐकत होते आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. देवाचा पुत्र, आणि भीतीने जमिनीवर पडला होता. त्याचा विश्वास कच्चा होता? त्याचं मूळ कच्चं होतं? त्याने मित्रांकडे एवढंच मागितलं होतं, जवळ जागे राहा. आणि ते झोपले. मला फोनमधलं ते मशीन आठवलं. रुबेनने ते बंद केलं होतं. एक माणूस माझ्यासाठी जागा राहिला होता.

मी बाकावर रडले. शांत नाही झाले. उलट राग आला. राग इतके दिवस कुठे होता, कोण जाणे.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. पांढरी फुलं, नवे कपडे. साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. कागद पुढ्यात धरला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली नाही. थांबले.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मी बरी झालेली नाही. गोळ्या फेकल्या आणि मरायला टेकले. परत सुरू केल्यात. मला अजून भीती वाटते. आत्ताही वाटते. येशूलाही बागेत वाटली होती, शुक्रवारी पाळकांनी इथेच वाचलं."

मी कागदाची घडी घातली.

"बस झालं, खाली जा," साहेब म्हणाले. हळूच. हसत.

"आणि माझ्या आजोबांनी पोटासाठी पाणी घेतलं असेल. घेतलं असेल तर घेतलं. उपाशी माणसाला भाकरीत देव दिसला, तर लाज त्याला का वाटावी? ज्यांनी उपाशी ठेवलं त्यांना वाटू दे."

"माइक बंद करा," साहेब म्हणाले. हसू गेलं होतं.

माइक बंद झाला. पुढचं मी ओरडून बोलले. मागे किती पोचलं माहीत नाही. "माझ्या डोक्यावर मला विचारल्याशिवाय कुणी हात ठेवायचा नाही!" एवढं मात्र पोचलं असणार, कारण मागे एका बाळाने भोकाड पसरलं.

त्यानंतर काय झालं ते सांगते. पाळक घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "खोटं काही बोलला नाहीत. पण सणाच्या दिवशी नको होतं." मी विचारलं, कुठल्या दिवशी चाललं असतं? त्यांनी कप ठेवला, चपला घातल्या. बुधवारच्या सभेचं आमंत्रण बंद झालं. साहेबांनी लॅबमध्ये फोन केला, ही बाई डोक्याच्या गोळ्या खाते, सुई हातात देऊ नका. मॅडमनी मला बोलावलं. मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढे ठेवली आणि सांगितलं, "हो, खाते. हात कापत असेल त्या दिवशी मीच सांगेन." तीन महिने मॅडमनी मला काउंटरवर बसवलं. ते मी कबूल केलं, कारण त्या म्हाताऱ्या बाईंचा हात मी विसरलेले नाही. आता पुन्हा बॅग घेऊन निघते.

मंडळीतल्या तिघींनी फोन केला. तिघीही कुजबुजत. एक सोफ्यावर बसणारी. "डॉक्टर कुठे बसतात गं?" मी पत्ता दिला. आणि म्हटलं, मोठ्याने बोल.

भीती गेलेली नाही. काही सकाळी अजून येते, छातीवर बसते. मी गोळी घेते, प्रार्थना करते, दोन्ही. प्रार्थनेत पूर्वी मी धीट असल्याचं सोंग करायचे. आता करत नाही.

पुढच्या महिन्यात चर्चच्या कारभारी मंडळाची निवडणूक आहे. आमच्यातल्या, सतरंजीवर बसणाऱ्या कुणी आजवर उभं राहिलेलं नाही. कुणी मना केलं नव्हतं, तरी नाही. मी फॉर्म भरला. साहेबांच्याच हातात नेऊन दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "तुझी तब्येत झेपेल का?"

"नाही झेपली तर तसं सांगेन," मी म्हटलं. "मोठ्याने."

निवडणुकीत पडेन बहुतेक. पुढच्या वेळी पुन्हा भरीन. घाबरत भरीन. पण भरीन.