डावा हात

आमचं जहाज दिवसभर त्या परक्या बेटावर थांबणार होतं, म्हणून आम्ही दोघांनी बंदरावरून गाडी भाड्याने घेतली. तिचं स्टिअरिंग डावीकडे. गिअर टाकायला ह्यांचा डावा हात सवयीने जायचा आणि दारावर आपटायचा. घरच्या गाडीत गिअर टाकून झाला की हाच हात माझ्या हातावर टेकतो. इथे मी उजवीकडे, पाहुण्यासारखी बसलेली.

"अहो, जरा थांबू या ना कुठे."

"जहाज सुटेल गं."

प्रत्येक वळणावरून खाली ते पांढरं जहाज दिसायचं. त्याच्यावर डोळा ठेवून आम्ही बेट पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. निवृत्तीपासून सगळं असंच चाललंय. वेळ मोकळा आहे, पण जीव परतीच्या घाईत, आणि हात मेला अजून जुनीच जागा शोधतो.

गाडीची किल्ली परत देऊन धक्क्यावरच्या बाकावर टेकलो, तेव्हा दोघंही पार आंबून गेलो होतो. ह्यांच्या डाव्या हाताची बोटं आपटून लाल झाली होती. मी उठले आणि ह्यांच्या डावीकडे जाऊन बसले. हात आपसूक माझ्या हातावर आला.

जहाजाचा भोंगा वाजला.

"वाजू दे," हे म्हणाले.