गाळआत्या आणि ओली भिंत

पूर ओसरल्यावर आमच्या गावात कुणी स्वतःच्या घरात पहिलं पाऊल टाकत नसे. पहिलं पाऊल गाळआत्याचं. नात्याने ती कुणाचीच नव्हती, पण वैनगंगेने घरं बुडवली की अख्ख्या गावाची आत्या व्हायची. हातात लांब बांबू, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडाचा पट्टा दुरूनच ऐकू येणारा.

दारात उभी राहून ती आधी वर बघायची, कारण पुरात साप आढ्यावर चढून बसतात. वीज बंद आहे असं घरमालकाने शपथेवर सांगितलं तरी स्वतः तार बघून यायची. मग गाळ ओला आहे तोवरच फावड्याने ओढायला लावायची. भिजून कुजलेलं धान फेकायला सांगताना तिला कुणाची दया येत नसे. बायका तिला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या पुरात पुन्हा तिलाच हाक मारायच्या.

तिचा खरा राग सारवणावर. आमच्याकडे न सारवलेलं घर म्हणजे सुतकाचं घर. त्यामुळे गाळ निघाला रे निघाला की बायका शेणमातीचं टोपलं घेऊन भिंतींना भिडतात. माझ्या आईने एकदा तसं करताच आत्याने टोपलं अंगणात भिरकावलं. म्हणाली, "भीत पाणी पिऊन बसली हाये. वरून लिपलं तं आतल्या आत सडन अन् अंगावर पडन. काहून घाई करून राहिली?" आईने कितीतरी दिवस अबोला धरला. आमची भिंत मात्र अजून उभी आहे.

मागच्या मोठ्या पुरात आत्याचंच घर बुडालं. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि पाणी ओसरताच पितृपक्ष लागला. पितरांत बसायची त्याची ती पहिलीच वेळ. आमच्या ओसरीवर पान वाढ म्हणून बाबांनी परोपरीने सांगितलं. तिने ऐकलं नाही.

मी गेले तेव्हा ती भिंत सारवत होती. बोट लावलं तर आत रुतत होतं. मी तिचंच बोलणं तिला ऐकवलं. तिचा हात थांबला नाही.

"मले माहीत हाये वो," ती म्हणाली. "पण बुढा पहिल्यांदा जेवाले येऊन राहिला. सुतकी घर पाहून वापस गेला तं?"



तिथीच्या दिवशी घर लख्ख दिसत होतं. छपराच्या कवेलूंवर पान ठेवून आत्या अंगणात कावळ्याची वाट बघत उभी राहिली. कावळा यायच्या आधी भिंत बसली. फार आवाजही झाला नाही. कवेलू घसरले आणि पान मातीखाली गेलं.

आत्याला खरचटलंही नाही, आणि हेच वाईट झालं असं मला कधी कधी वाटतं. तिच्या मुलीने तिला आपल्या घरी, वरठीला नेलं. तिथे सिमेंटचं घर, गुळगुळीत फरशी. आत्या दिवसभर खाटेवर बसून असते. जेवायला हाक मारली तरच उठते.

यंदा पुन्हा पाणी आलं. ओसरल्यावर बायका आपापल्या दारासमोर ताटकळत उभ्या राहिल्या. कुणी आत जाईना. शेवटी बांबू मीच हातात घेतला आणि तिला फोन लावून विचारलं, आत्या, कुठून सुरू करू?



"काही नोको करू," ती म्हणाली. "भीत अंगावर पडन. तू निघून ये."