डावा कौल

आईचा एक डोळा काढला आणि आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सरची गाठ डोळ्याच्या मागून बाहेर सरकली होती. परळच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला तर त्या जागी पुन्हा उगवायची भीती कमी; पण शरीरात आणखी कुठे गेली असेल, तर तिथे शेकाचा उपयोग नाही. ठरवा आणि सांगा.

आईने तिथल्या तिथे सांगितलं, गावच्या देवाला कौल लावायचा. आमच्या लालबागच्या चाळीत लग्नापासून खोली विकण्यापर्यंत सगळं गावाला फोन करूनच ठरायचं. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी भडकले. एवढ्या शिकलेल्या बाईचं ऐकायचं नाही आणि पाकळीचं ऐकायचं! आई ढिम्म. शेवटी फोन मीच लावला.

डावा कौल आला.

मी फोन ठेवला आणि आईला बेधडक सांगितलं, उजवा दिला देवाने. तिने हात जोडले. माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

सहा आठवडे रोज सकाळी आम्ही दोघी परळला चालत जायचो. खरं सांगते, माझ्या लग्नानंतर आई इतकी माझ्या वाट्याला कधी आलीच नव्हती. परतताना ती हटकून मसाल्याच्या गल्लीत वळायची. एका डोळ्यावर पट्टी, आणि बाई दुसऱ्याने बेडगी मिरची पारखतायत! तिखट जाईल म्हणून मी ओरडायची. एक तर उरलाय, त्याला काही काम नको का, असं वर मलाच ऐकवायची. ते दिवस मला अजून हवे आहेत.

दोन वर्षांनी यकृतात डाग दिसले. आता सलाईनमधून औषधं, लागू पडली तर काही महिने जास्त. नाहीतर घरी राहून दुखणं आटोक्यात ठेवायचं. आई म्हणाली, गावाला फोन लाव.

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिने पदराने माझे डोळे पुसले.

"मगे तेव्हाचा तू ठरवलंस," ती म्हणाली. "आताचा माका ठरवूक दी. माका घराकच रव्हाचा आसा."

औषधं घे गं, काही महिने तरी मिळतील, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि हो म्हटलं.