अव्वाचा पेला

माझी सासू गंगम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणतो. सत्तरी उलटली, पण उदगीरच्या आमच्या गल्लीत तिच्यापुढं कुणाचं चालत न्हाई. समोर रहमतबी राहायला आली तेव्हा या बाईनं रस्त्याकडचं दारच लावून घेतलं होतं. "सकाळी सकाळी मुसलमानाचं तोंड बघून पूजेला बसू का?" म्हणायची. आणि आता? दुपार झाली की चालली समोर!

झालं काय, अव्वाची बोरमाळ गल्लीत तुटली. रहमतबी दागिने रेशमात ओवून देणारी. तिनं नालीत हात घालून एकेक मणी वेचला, धुतला आणि पायरीवर बसून माळ ओवून दिली. अव्वा बघत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पण चहाला घरचा पेला घेऊन. हळूहळू तो पेला तिकडंच राहायला लागला.

माझं काय होत असंल, सांगा! मी बिलोलीची, दुसऱ्या जातीची. अव्वाच्या लेकाशी, उमाशंकरशी, आपल्या मर्जीनं लग्न केलं, म्हणून इतक्या वर्षांत मी भरलेलं पाणी अव्वाच्या पूजेला चाललं न्हाई. भाकरी माझ्या हातची, पाय मी चेपायचे, दवाखान्याच्या खेपा माझ्या. आणि पोटातलं सगळं सांगायचं ते रहमतबीला! जळते मी. हाव, जळते.

अव्वा लिंगायत. परवा तिच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा झिजला. लिंग अंगावेगळं करायचं न्हाई, खाली ठेवायचं न्हाई. दोरा बदलून होईपर्यंत तळहातावरच धरायचं. अव्वाचे हात कापतात. मी सोबत रहमतबीकडं गेले, हात धुऊन बाजूला उभी राहिले. अव्वानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"रहमत, एका हातानं माझा हात धर गं, एका हातानं ओव."

रहमतबीनं रेशीम खाली ठेवलं. "सून धरंल तर ओवते, अव्वा. न्हाई तर न्हाई."

अव्वानं तोंड फिरवून हात माझ्याकडं केला. मी तो खालून धरला. एवढा हलका हात असंल असं वाटलं नव्हतं. डोळे भरून आले माझे.

पण मेलं, मिळालं ते कुणाच्या शब्दावर? माझ्या एवढ्या वर्षांच्या भाकरीनं जे झालं न्हाई, ते त्या बाईनं बसल्या जागी करून दाखवलं. दोरा ओवून झाला तशी रहमतबी माझ्याकडं बघून हसली. मला काही हसता आलं न्हाई.