मावशीच्या गाण्याला वन्स मोअर

काकांची बोटं मोडली, कारण त्यांनी हलगी वाजवायला नकार दिला. गावातल्या बड्या घरात मयत झाली होती, आणि मयतीपुढं हलगी आमच्याच वस्तीनं वाजवायची ही पिढ्यांची रीत. काका म्हणाले, आता न्हाय. चौघांनी त्यांना चावडीजवळ धरलं, उजवा हात दगडावर दाबून दुसऱ्या दगडानं ठेचला. पोलिसांच्या कागदावर आलं, पाय घसरून पडला.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. वडील शिरोलीला फाउंड्रीत होते आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं वाटायचे. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. एका पत्रकात अमेरिकेतल्या काळ्या गायिकांविषयी होतं. गोरे मेजावर जेवत बसायचे, गायिका मुदपाकखान्याच्या दारानं आत यायची आणि त्यांच्यासमोर उभी राहून आपल्या माणसांच्या खुनाचं गाणं म्हणायची. मी ते मावशीला वाचून दाखवलं. आईची बहीण आणि काकांची बायको ती. आमच्या जलशात, म्हणजे वस्तीच्या चळवळीची गाणी म्हणणाऱ्या मंडळात, मुख्य गाणारी.

"मारणाऱ्याच्या तोंडावर गात्यात?"

"व्हय की."

"मग ती मारणारी खाली मान घालत्यात का न्हाय?"

पत्रकात ते छापलं नव्हतं.

मावशीनं गाणं रचलं. प्रत्येक बोटाचं एक कडवं. त्या चौघांची मान एकदा खाली गेलेली बघायची, एवढंच तिला हवं होतं. पोलीस, कोर्ट यांची आशा तिनं केव्हाच सोडली होती.

पुढं गावच्या तरुण मंडळानं शिवजयंतीला आमचा जलसा बोलावला. त्यांना तो सांस्कृतिक कार्यक्रम वाटला. उन्हं उतरताना मावशी चौकातल्या स्टेजवर चढली. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ते चौघे फेटे बांधून बसलेले. आमची माणसं मागं उभी, त्यांत काका, हात खिशात घालून.

तिनं अंगठ्यापासून सुरुवात केली. दगड कुठला, आवाज कसा आला, सगळं गाण्यात होतं. करंगळीच्या कडव्यावर गाणं संपलं.

पहिल्या रांगेतून शिट्टी आली.

"वन्स मोअर! काय गळा हाय बाईचा!"

"आरं, हिचा नवरा कुठाय? हलगी त्याच्याकडं द्या की!"

अख्खा चौक हसला. बायकासुद्धा.

मावशीला वाटलं असावं, शब्द नीट पोचले नाहीत. तिनं परत म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. या खेपेला चौघांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. एकानं उठून फेट्याचा शेमला उडवत गिरकी घेतली. चाल चांगली होती, तीच नडली. मागच्या आमच्या माणसांत बघितलं तर काकांची मान खाली गेली होती.

मावशीलाही ते दिसलं. तिनं हात वर करून आमची हलगी थांबवली.

"गाणं झालं. आता चाल न्हाय. चावडीजवळ कोण कोण हुतं, त्यांची नावं सांगते."

पहिलं नाव बापासकट घेतलं आणि माईक मेला. कुणीतरी वायर उपटली होती. गिरकी घेणारा ओरडला, "खुर्च्या उचला रं! झाला तमाशा!" मंडळाची पोरं खुर्च्या एकात एक आदळत रचायला लागली. मागच्या लोकांना काही ऐकू येईना, म्हणून ते पांगले.

ते चौघे मात्र स्टेजच्या कडेलाच उभे होते. हसणं थांबलं होतं, पण मान ताठच होती. एकानं पायाशी वाकून दगड उचलला आणि हातात खेळवत राहिला.

मावशी खुर्च्यांचा आवाज संपेपर्यंत थांबली. मग त्याच्याकडंच बघत तिनं दुसरं नाव घेतलं.